पाकातला अल्टरनेटर

मामाने अल्टरनेटर टेबलावर उलटा करून आपटला आणि त्यातून मुंग्या बाहेर आल्या. घाबरून, सैरावैरा वगैरे नाही; रांगेने, शिस्तीत, शाळा सुटलेली असावी पण बाई अजून दारात उभ्या असाव्यात, तशा.

मामा गाड्यांच्या वायरिंगची कामं करायचा. गाडीची बॅटरी चार्ज करणारा हा अल्टरनेटर, लोकांच्या भाषेत डायनॅमो, उघडण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यातून चिखल निघालेला त्याने पाहिला होता, कोणाच्या तरी कानातला डूल पाहिला होता, एकदा तर उंदरीण पिल्लांसकट निघाली होती आणि गिऱ्हाइकाने तिचंही बिल आपल्यावर लावलं की काय म्हणून भांडण काढलं होतं. मुंग्या मात्र पहिल्यांदाच. त्याने चष्मा कपाळावर सरकवला, जाळीवरचा तपकिरी थर नखाने खरवडला, वास घेतला आणि भाची नको म्हणायच्या आत चाटला.

"पाक आहे," तो म्हणाला. "एकतारी असणार. इंजिनाच्या उष्णतेने गोळीबंद झालाय." मग पुन्हा जिभेवर घोळवून, "वेलदोडा पण आहे."

भाची समोरच्या स्टुलावर बसली होती. ती गाडी चालवायला शिकवायची, म्हणून सगळी गल्ली तिला मास्तरीण म्हणायची आणि हळूहळू घरातलेही म्हणू लागले होते. मास्तरणीने मान वळवून शेजारी बसलेल्या आईकडे पाहिलं. आई भिंतीवरच्या कॅलेंडरात गढून गेली होती. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

"आई."

"मी टाकीत ओतणार होते," आई कॅलेंडरलाच म्हणाली. "टाकीचं झाकण उघडेना त्याला मी काय करू?"

मग सगळं बाहेर आलं. पेट्रोलच्या टाकीत साखर घातली की गाडी कायमची बसते, असं आईने कुठेतरी ऐकलं होतं. कोरडी साखर विरघळायला वेळ घेईल, म्हणून तिने घरूनच पाक करून नेला. वेलदोडा हाताच्या सवयीने पडला. टाकीचं झाकण उघडायला गाडीतली खटकी ओढली, तर ती निघाली बॉनेटची. पुढून बॉनेट उघडलं. आता उघडलंच आहे तर पातेलं परत कुठे घेऊन जायचं, असा साधा विचार तिने केला आणि आत जे सगळ्यात महत्त्वाचं दिसलं त्यावर पातेलं रिकामं केलं.

"नेम चांगला आहे ताईचा," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात खरंखुरं कौतुक होतं.

पण कौतुकाची ही वेळ नव्हती. काडीमोडाच्या करारात घर मास्तरणीकडे राहिलं होतं आणि गाडी जायची होती जावईबापूंकडे. आता तो ना नवरा राहिला होता ना जावई, तरी तिघंही त्याला जावईबापूच म्हणत. फक्त पूर्वी ज्या सुरात म्हणत तो सूर आता शिव्यांच्या कामाला लागला होता. त्याच्या वकिलाने करारात एक ओळ घुसवली होती: गाडी चालू स्थितीत द्यायची. रविवारी सकाळी तो गाडी न्यायला येणार. गाडी चालू नसली तर करार मोडला, करार मोडला तर घराचा विषय पुन्हा उघडणार आणि पुन्हा त्या वकिलाच्या केबिनमधल्या गार खुर्च्यांवर बसावं लागणार.

म्हणजे प्रश्न साधा होता. पाकात बुडालेला हा अल्टरनेटर साफसूफ करून दुरुस्त करायचा, की भंगारात टाकून नवा बसवायचा. मामाच्या मते यात प्रश्नच नव्हता. दुरुस्त होत नाही अशी वस्तू त्याने मानलीच नव्हती. नवा पार्ट बसवणं म्हणजे परीक्षेत शेजारच्याचा पेपर बघणं, असं तो म्हणायचा.

"दुरुस्तच कर," मास्तरीण म्हणाली. "फक्त वाईट कर."

मामाचा हात पान्यावर थांबला.

"म्हणजे?"

"म्हणजे रविवारी चालू होईल. आठवडाभर चालेल. मग बंद पडेल."

हे बोलताना तिने ओढणीच्या टोकाने टेबलावरची एक मुंगी हळूच बाजूला केली. गेलं वर्षभर लोक तिला सांगत होते की किती शांतपणे घेतलंस सगळं, आमच्याच्याने झालं नसतं. ती शांत वगैरे नव्हती. तिने फक्त राखून ठेवलं होतं. कोर्टात बोलायचं, वकिलापुढे बोलायचं, तो कपडे न्यायला आला तेव्हा जिन्यात बोलायचं, असं करत करत सगळं तिने मागे ढकललं आणि आता मागे ढकलायला जागा उरली नव्हती. रविवारी गाडी गेली की तो समोर यायचं कारण संपलं. जे काय करायचं ते या गाडीतूनच करायला हवं होतं. नाहीतर ते जन्मभर तिच्या घशात अडकून बसणार, हे तिला दाताच्या दुखण्याइतकं स्पष्ट कळत होतं.

जावईबापू कानाची यंत्रं विकायचा. ज्यांना ऐकू येत नाही अशा म्हाताऱ्यांकडे गावोगाव गाडीने जायचा, तासन्‌तास त्यांच्याशी मोठ्याने बोलायचा आणि घरी आला की त्याला बोलायचा कंटाळा यायचा. त्याने संसार मोडला तो मास्तरणीच्याच एका विद्यार्थिनीपायी. मुलगी हुशार होती, पण तिला सराव कमी पडत होता, म्हणून मास्तरणीनेच तोडगा काढला: सुट्टीच्या दिवशी आमची घरची गाडी घे, हे बसतील शेजारी. सरावाला घरची गाडी दिली ती दिली, वर घरचा माणूसही दिला. घरात त्या मुलीला शिकाऊ म्हणत. आई तर हा शब्द असा उच्चारायची की पलीकडच्या घरातल्या लोकांना ती कुठल्या तरी आजाराचं नाव घेतेय असं वाटायचं.

"कुठे बंद पडायला हवी?" मामाने विचारलं. त्याला आता धंद्याच्या दृष्टीने उत्सुकता वाटू लागली होती.

मास्तरणीने यावर विचार केलेला होता. भर दुपारी, नदीवरच्या लांब पुलावर, शेजारी शिकाऊ, मागे हॉर्न वाजवणाऱ्या गाड्या. तिने हे सगळं डोळे मिटून सांगितलं. मग डोळे उघडले. "नको, पुलावर नको. कडेला घ्यायला जागा नाही. मागून येणारा कोणी शिकत असला तर बिचारा ब्रेक ऐवजी भलतंच दाबेल."

"मग?"

"त्यांच्या वसाहतीच्या फाटकात. गॅलरीतून लोक बघतात तिथे. आणि संध्याकाळी, सगळे घरी असताना."

मामाने डोकं खाजवलं. "पोरी, काम टिकेल याची हमी मी देतो. बिघडेल याची हमी आजवर कोणी मागितली नाही. आणि फाटकातच बिघडेल याची तर कंपनीसुद्धा देणार नाही."

"तू प्रयत्न तरी कर," आई म्हणाली. "बघावं तेव्हा नाहीचा पाढा."

मामाने पाना लावला आणि पुन्हा थांबला. या वेळी त्याने दिवा जवळ ओढला. अल्टरनेटरचे दोन अर्धे ज्या लांब बोल्टांनी आवळलेले असतात, त्यांच्या डोक्यांवरून खाली कवचापर्यंत पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढलेली होती. कारखान्यात बोल्ट आवळून झाला की ती रेघ मारतात. बोल्ट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते. इथे पाकाखाली ती अखंड होती.

"याला आजवर कोणी हात लावलेला नाही," मामा म्हणाला.

"लावलाय की," मास्तरीण म्हणाली. "कितीदा तरी. सारखा जायचा हा. हमरस्त्यावर तो कोण कारागीर आहे त्याच्याकडे उघडायला टाकायचा आणि मग रात्र व्हायची."

"नाही."

"मामा, मला फोन यायचा ना. डायनॅमो गेला, उशीर होईल, जेवून घ्या."

मामाने दिवा फक्त आणखी जवळ धरला. तिघं वाकून त्या पिवळ्या रेघेकडे बघत राहिली. रेघ अगदी स्वच्छ, सरळ होती. कोणी मन लावून ओढली असावी.

मामाला आठवलं की तेव्हा त्याने एकदा विचारलंही होतं, घरात या कामाचा माणूस असताना बाहेर कशाला जाता? जावईबापू म्हणाला होता, तुम्हाला घरच्या कामाचा त्रास नको. मामा ते कौतुकाने चार ठिकाणी सांगत फिरला होता.

आईचं दुःख वेगळं होतं. "एकदा हात काळे करून आला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "मी त्याला माझा चांगला साबण दिला होता हात धुवायला. पाहुण्यांसाठी ठेवलेला."

मास्तरीण सरळ झाली. तिने ओढणी नीट केली. त्या सगळ्या संध्याकाळी तो कुठे होता हे विचारायची गरज नव्हती. प्रत्येक डायनॅमो मनातल्या मनात त्या शिकाऊच्या नावावर टाकून ती मोकळी झाली.

"वाईट कर," ती मामाला म्हणाली. "जितकं वाईट करता येईल तितकं."

आता मामालाही जोर चढला. त्याने आतलं सगळं सुटं करून पाक धुऊन काढला आणि मग भंगाराच्या डब्यात हात घालून निवडून निवडून वाईट माल बाहेर काढला. झिजून नखाएवढे उरलेले कार्बन ब्रश. खरखर करणारं बेअरिंग. वाइंडिंगला, म्हणजे आतल्या तारांच्या गुंडाळीला, वार्निश मारायचं असतं ते मारलं नाही. सगळं बसवून त्याने अल्टरनेटर तपासणीच्या स्टँडवर चढवला, मोटर सुरू केली आणि तिघं मीटरच्या काट्याकडे बघू लागली.

काटा उठला, जिथे थांबायला हवा तिथे थांबला आणि देवळात आल्यासारखा शांत उभा राहिला.

"असं व्हायला नको," मामा म्हणाला.

त्याने सगळं पुन्हा खोललं. या वेळी वीज आवरणारा रेग्युलेटरच मेलेला बसवला. मेलेला म्हणजे त्याने स्वतः मेला म्हणून सांगून एका गिऱ्हाइकाच्या गाडीतून काढलेला. स्टँडवर चढवला. काटा आधीपेक्षा स्थिर. खरखरणारं बेअरिंगही गप्प झालं. मामाने कान लावून ऐकलं, मग वाइंडिंग दिव्याखाली धरून पाहिलं आणि खाली बसला. धुऊनही मागे राहिलेला पाकाचा थर तारांमध्ये वाळून बसला होता आणि वार्निशाचं काम चोख बजावत होता.

"तुझ्याच्याने एक साधं वाईट काम होत नाही," आई म्हणाली.

"ताई, पाक कोणी ओतला?"

"मी वाईटच ओतला होता."

भाऊबहिणीचं असं लहानपणापासूनचं भांडण रंगात येत असतानाच मास्तरणीचा फोन वाजला. फोनवर नाव उमटलं ते पाहून तिने दोघांना हाताने गप्प केलं. जावईबापू रविवारची आठवण करून द्यायला बोलत होता. त्याने तब्येत विचारली, आईंचं कसं चाललंय विचारलं आणि मग गाडी चालू आहे ना, म्हणाला.

"अल्टरनेटर गेलाय," मास्तरीण म्हणाली.

"डायनॅमो?" तो म्हणाला. शाळेतल्या जुन्या मित्राचं नाव अचानक निघावं, तसा त्याचा आवाज मऊ झाला होता.

तिने सांगितलं की मामा बघतोय. दुरुस्त होईल, नाहीतर नवा बसवावा लागेल.

"नवा नको," तो लगेच म्हणाला. मग त्याला आपणच फार लवकर बोललो असं वाटलं असावं, कारण तो समजावू लागला. जुन्या गाडीला नवा पार्ट शोभत नाही. तुम्ही लोकांनी खर्चात पडू नका. मामांना म्हणावं, जमेल तसं दुरुस्त करा, मी काही खोट काढणार नाही. मधूनच बंद पडली तर पडली. जुनी गाडी म्हणजे चालायचंच.

"बंद पडलेली चालेल तुला?"

"मी समजून घेईन," तो म्हणाला. "आता काय, सवय झालीय."

फोन ठेवल्यावर मास्तरीण बराच वेळ हातातल्या काळ्या पडद्याकडे बघत राहिली. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवणारा माणूस. रिक्षावाल्याने वळण चुकवलं म्हणून अर्ध्या वाटेत उतरणारा माणूस. त्याला बंद पडणारी गाडी चालणार होती. नुसती चालणार नव्हती, हवी होती.

तिने स्टँडवर शांतपणे फिरणाऱ्या अल्टरनेटरकडे पाहिलं आणि हात पुढे करून मोटरचा खटका बंद केला.

"मामा, नवा बसव."

"काय?"

"नवा. कंपनीचा. गॅरंटीवाला. दुकानात जो सगळ्यात चांगला असेल तो."

मामाचा चेहरा उतरला. त्याने तिला विचारलं की आपण इतका वेळ इथे काय करत होतो मग, आणि त्या माणसाला आपण बक्षीस का देतोय. खिशाला खड्डा पाडून वर त्याचीच सोय करायची, यात सूड कुठे बसतो ते त्याला कोणी समजावून सांगावं.

मास्तरणीने समजावून सांगितलं नाही. आईकडे वळून एवढंच म्हणाली, "आई, घरी आता त्याची वाट कोण बघतंय?"

आईला दोन घटका लागल्या. ती कॅलेंडराकडे बघत बसली, गेल्या वर्षीच्या तारखांवरून तिची नजर फिरत राहिली आणि मग तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मामाने घाबरून तिला पाणी हवं का विचारलं.

"टायर पण बदल," आई म्हणाली. "पंक्चर पण व्हायला नको."

त्यानंतर मामाच्या दुकानात जे झालं ते मामाच्या तोंडून ऐकायला हवं, पण मामा अजून त्याबद्दल बोलत नाही. कोणत्याही गाडीची इतक्या द्वेषाने इतकी चांगली सर्व्हिसिंग कधी झाली नसेल. नवा अल्टरनेटर बसला. त्यामागोमाग पट्टा बदलला, कारण जुना तुटू शकला असता. रबरी नळ्या बदलल्या, कारण त्या फुटू शकल्या असत्या. पेट्रोलचा काटा अडकायचा तो सुटा केला. पेट्रोल संपलं हेही एक कारण असतं, हे मामाला स्वतःच सुचलं आणि त्याने ते स्वतःच्या नावावर सांगितलं. आई शेजारी बसून आणखी काय काय बिघडू शकतं ते आठवून सांगत होती आणि एकेक बिघाड तिथल्या तिथे मरत होता. प्रत्येक नट आवळताना मामा ओठ घट्ट मिटून घ्यायचा. फक्त बॅटरीला हात लावला नाही. ती चांगली होती. गाडी इतके दिवस उभी राहून उतरली होती, एवढंच.

रविवारी सकाळी जावईबापू मास्तरणीच्या घराखाली रिक्षातून उतरला तेव्हा त्याच्याबरोबर शिकाऊही होती. ती येईल याची मास्तरणीला खात्री नव्हती. मुलगी थोडी वाळली होती. तिने मास्तरणीकडे पाहून, जुन्या सवयीने, "गुड मॉर्निंग मॅडम" म्हटलं आणि मग आपण हे काय म्हटलं म्हणून खाली बघितलं.

मामाने बॉनेट उघडून ठेवलंच होतं. नवा अल्टरनेटर जुन्या इंजिनात सोन्याचा दात बसवल्यासारखा चमकत होता. मामाने तो दाखवला, पट्टा दाखवला, टायरवर लाथ मारून दाखवली. "आता ही जन्मात बंद पडणार नाही, जावईबापू," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात तरी पडणार नाही."

जावईबापू हसला, पण हसू पुरतं आलं नाही. एवढं कशाला केलंत, असं तो दोनदा म्हणाला. दुरुस्तच केला असता की. त्याने हात लावून अल्टरनेटर बघितला आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला; इंजिन थंडच होतं.

मग तो गाडीत बसला आणि किल्ली फिरवली. उतरलेल्या बॅटरीने जरा कुरकुर केली, पण गाडी लागली. मामा खिडकीशी गेला.

"बंद करू नका बरं का. बॅटरी उतरलीय. आता बंद केलीत तर परत लागायची नाही. हलका पाय ठेवा ॲक्सिलरेटरवर. चार्ज होऊ द्या."

"किती वेळ?"

"मी सांगतो ना."

हे मामाने मुद्दाम केलं की कामाचा माणूस म्हणून सांगितलं, कोण जाणे. बहुधा त्यालाही ठाऊक नसावं.

मास्तरीण शिकाऊपाशी गेली. गेले तीन दिवस ती या क्षणाची तालीम करत होती. आंघोळ करताना, विद्यार्थ्यांना क्लच सोडायला सांगताना, दूध उतू जाताना. तिने मामाच्या दुकानाचं कार्ड काढून मुलीच्या हातात दिलं.

"गाडी बंद पडली असा कधी फोन आला," ती म्हणाली, "तर तू मामाला फोन कर. तो जाऊन बघेल. कुठेही असली तरी जाईल."

शिकाऊने कार्ड वाचलं. "आधी फार बंद पडायची ना, मॅडम? डायनॅमोमुळे."

"जुना डायनॅमो कधी उघडलेलाच नव्हता," मास्तरीण म्हणाली. प्रत्येक शब्द तिने वेगवेगळा ठेवला, वजन करून. "एकदाही नाही."

मग ती थांबली. खिळा आत कसा जातो ते तिला बघायचं होतं. वर्षभर राखून ठेवलेलं ते हेच होतं.

मुलीने कार्ड उलटं केलं, सुलटं केलं. तिच्या चेहऱ्यावर अपेक्षा होती तसं काहीच फुटलं नाही. ती काहीतरी जुळवत होती. आकडेमोड जमत नसलेल्या माणसासारखी तिची भिवई जरा वर गेली होती.

"माझ्या टेस्टच्या दिवशी हे येणार होते," ती म्हणाली. "बघायला. संध्याकाळी फोन आला, डायनॅमो गेला म्हणून."



त्या दिवशी मास्तरीण स्वतः टेस्टच्या मैदानावर होती. तिनेच या मुलीला तिथे नेलं होतं. नंबर लवकर लागेना म्हणून दोघी एकाच छत्रीत, एकाच दगडावर दिवसभर बसल्या होत्या, एका बाटलीतलं पाणी प्यायल्या होत्या. आणि संध्याकाळी मास्तरणीचाही फोन वाजला होता. डायनॅमो गेला, उशीर होईल, जेवून घ्या. तिने तिथेच बसून, या मुलीच्या शेजारी बसून, बरं म्हटलं होतं.

"मला वाटलं तुमच्या घरी असतील," शिकाऊ म्हणाली. "तुमच्या घरचं काहीतरी असेल. म्हणून मी तेव्हा विचारलं नाही."

"मला वाटत होतं तुझ्याकडे," मास्तरीण म्हणाली.

तिच्या आवाजातलं वजन कुठे गेलं ते तिलाच कळलं नाही. दोघी गाडीकडे बघू लागल्या. आत जावईबापू दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, पाय हलका ठेवून, शहाण्या मुलासारखा बसला होता. काच वर होती. इंजिनाच्या आवाजात त्याला यातलं काही ऐकू आलेलं नव्हतं. बघतायत म्हटल्यावर त्याने त्यांना हात केला.

"असे फोन तुला किती वेळा आले?" मास्तरणीने विचारलं.

"बरेच. मी मोजले नाहीत. बहुतेक बुधवारी."

"मला बुधवारी कमी. मला शुक्रवारी जास्त."

"शुक्रवारी ते माझ्याकडे असायचे," मुलगी म्हणाली आणि तिचा चेहरा लाल झाला. "सॉरी मॅडम."

"ते राहू दे. बुधवारचं बोल."

पण बुधवारचं असं उभ्याउभ्या बोलण्यासारखं नव्हतं. मास्तरणीने जिन्याकडे पाहिलं. वर दारात आई उभी होती. खाली काय चाललंय ते तिला दिसत होतं, पण ऐकू येत नव्हतं, आणि त्यामुळे ती कठड्यावरून निम्मी बाहेर आली होती.

"चहा घेशील?" मास्तरीण म्हणाली.

शिकाऊने गाडीकडे पाहिलं, हातातल्या कार्डाकडे पाहिलं. मग तिने कार्ड पर्समध्ये आत कुठेतरी खोल ठेवलं आणि मान हलवली.

दोघी जिना चढू लागल्या. जावईबापूने काच खाली केली आणि मामाला विचारलं, ह्या कुठे चालल्या. मामा म्हणाला, येतील. जावईबापू म्हणाला, मग मीही येतो वर, आईंना भेटून घेतो. मामाने खिडकीवर हात ठेवला आणि अगदी काळजीने सांगितलं की पाय काढू नका, सगळी मेहनत वाया जाईल.

आईने दारात शिकाऊला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. बोलण्यासाठी तिने श्वासही घेतला. वर्षभराचं साठलेलं होतं तिचंही. पण मुलीच्या मागे उभ्या असलेल्या लेकीचा चेहरा तिला दिसला. तो चेहरा तिला नवा होता. दुःख त्यात नव्हतं, शांतपणाही नव्हता. बाजारात घासाघीस करायला निघालेल्या बाईचा असतो तसा, बाह्या सरसावलेला चेहरा होता तो.

"आई, बस," मास्तरीण म्हणाली. "तू आठव जरा. तो हात काळे करून आला होता, तो वार कुठला गं?"

आईने घेतलेला श्वास सोडून दिला. तिने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं, आत गेली आणि आधणात आणखी पाणी ओतलं.

"बुधवार," ती आतून म्हणाली. "नळाला पाणी नव्हतं. बादलीतलं दिलं होतं मी त्याला."

शिकाऊ खुर्चीत पुढे सरकून बसली.

खालून हॉर्न वाजला. थोड्या वेळाने पुन्हा वाजला, या वेळी जरा लांब. कोणी उठलं नाही. खाली गाडी एका सुरात चालू होती आणि बंद पडायचं नाव घेत नव्हती.